तार, सिरॅमिक की अलाइनर : दात सरळ करण्याचा उपचार कसा निवडावा

दात सरळ करून घ्यायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा आणि दुसरा, तारा लोकांना दिसतील की नाही याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांच्या आधी तीन गोष्टी कळायला हव्यात. आपल्या तोंडात नेमके काय बिघडले आहे, ते दुरुस्त करताना कोणता दात कुठे आणि किती सरकवावा लागणार आहे, आणि ते साधन रोज तोंडात वागवणाऱ्या माणसाच्या सवयी कशा आहेत. एवढे स्पष्ट झाले, की धातू, सेल्फ-लिगेटिंग, सिरॅमिक, लिंग्वल आणि अलाइनर या पाच पर्यायांतले दोन-तीन आपोआप गळतात आणि मग खर्चाचा विचार करणे सोपे जाते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते आणि दात त्यात टांगल्यासारखा बसलेला असतो. हलका पण सतत दाब दिला, की ज्या बाजूला मूळ रेटले जाते तिकडचे हाड हळूहळू विरघळते आणि ज्या बाजूने ते दूर जाते तिकडे नवे हाड भरत येते. ही गती महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर धरावी. जागा करण्यासाठी उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधला दात, काढल्यावर साधारण ७ मिलिमीटरची जागा मोकळी होते, ती भरून यायलाच सहा ते नऊ महिने लागतात. त्याच्या आधी दात ओळीत आणण्याचे आणि नंतर वरखालचा चावा बसवण्याचे काम असतेच, म्हणून पूर्ण उपचार दीड-दोन वर्षांवर जातो. दाब धातूच्या तारेने दिला की प्लॅस्टिकच्या साच्याने, याचा हाडाला पत्ता नसतो. जोर वाढवून वेळही वाचत नाही, उलट मुळांची टोके झिजण्याचा धोका वाढतो. ‘सहा महिन्यांत सरळ दात’ अशी पाटी दिसली, तर तिथे पुढचे चार-सहा दात ओळीत आणण्यापुरतेच काम होते असे समजावे. काहींना तेवढे पुरतेही, पण आपण त्यांपैकी आहोत का, हे आधी ठरले पाहिजे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन मिनिटे आरशासमोर उभे राहावे. मागच्या दाढा एकमेकींवर नीट टेकवून ओठ बोटांनी बाजूला करावेत. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर असणे स्वाभाविक आहे. मध्ये करंगळीचे टोक जात असेल, तर दात पुढे आलेले आहेत. वरच्या दातांनी खालच्यांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकावा. खालचे दात जवळजवळ दिसतच नसतील, तर चावा खोल आहे, आणि दाढा टेकूनही पुढे खिडकीसारखी फट राहत असेल, तर चावा उघडा आहे. एखादा वरचा दात खालच्याच्या आत बसतो का, वरखालच्या मध्यरेषा जुळतात का, हेही पाहावे. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून चाव्याचे तीन वर्ग ठरवले आणि डॉक्टर अजूनही कागदावर तेच ‘क्लास वन, टू, थ्री’ लिहितात. क्लास वनमध्ये दाढा जागेवर असतात, बिघाड पुढच्या गर्दीचा किंवा फटींचा असतो. क्लास टूमध्ये खालची दाढ, आणि पुष्कळदा खालचा जबडाच, मागे असतो. क्लास थ्रीमध्ये तो पुढे असतो. आपला वर्ग कोणता, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे, कारण पुढचे बरेचसे त्यावर ठरते.

ही पहिली भेट ऑर्थोडॉन्टिस्टकडेच असावी. बीडीएसनंतर तीन वर्षांचे ऑर्थोडॉन्टिक्समधील एमडीएस केलेला डॉक्टर या कामाचा तज्ज्ञ. पुष्कळ नेहमीच्या दवाखान्यांत असा तज्ज्ञ आठवड्यातून एखादा दिवस येतो, त्यात गैर काही नाही. मात्र आराखडा कोण आखणार, दर महिन्याला तार कोण बदलणार आणि तो डॉक्टर दोन वर्षे तिथे येत राहणार का, हे स्पष्ट विचारावे. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, या ठिकाणी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एमडीएसचे विद्यार्थी हेच उपचार कितीतरी कमी खर्चात करतात. तिथे रांग असते, वेळ जास्त लागतो आणि विद्यार्थी शिकून बाहेर पडला की केस दुसऱ्याच्या हाती जाते. ज्याला वेळ आहे आणि पैशाची ओढाताण आहे, त्याच्यासाठी माझ्या मते याहून चांगली वाट नाही.

तपासणीत दातांची मापे किंवा स्कॅन, चेहऱ्याची व दातांची छायाचित्रे, सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे म्हणजे ओपीजी, आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे म्हणजे लॅटरल सेफॅलोग्राम, एवढे व्हायला हवे. शेवटचा एक्स-रे अनेकांना अनावश्यक वाटतो, पण दात पुढे आले आहेत की जबडाच पुढे किंवा मागे आहे, हे तोच सांगतो. दात पुढे आलेल्या माणसाला हा एक्स-रे न काढताच कोणी तारा लावायला निघाला, तर खुर्चीतून उठलेले बरे.

मुलांच्या बाबतीत वय हाच मोठा निकष आहे. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून आणावे. बहुतेकांना त्या वयात काही करावे लागत नाही, पण ज्यांना लागते त्यांची वेळ निघून जाता कामा नये. वरचा जबडा मागे राहिलेल्या मुलाला चेहऱ्यावर लावायचा फेसमास्क दहाव्या वर्षाच्या आत चांगला लागू पडतो. अरुंद टाळू रुंद करण्याचे साधनही टाळूच्या मधला सांधा पक्का होण्याआधीच सहज काम करते. खालचा जबडा मागे असेल, तर मुलींमध्ये साधारण १० ते १३ आणि मुलांमध्ये ११ ते १४ या उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात ट्विन ब्लॉकसारखे काढता-घालता येणारे साधन देतात, स्कॉटलंडचे डॉ. विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ मध्ये पहिल्यांदा वापरले. वाढ थांबल्यावर याच जबड्यासाठी दात काढून तडजोड करणे किंवा शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग उरतात. उलट आठ ते अकरा या वयात वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये दिसणारी फट पाहून घाबरू नये. सुळे खाली उतरताना ते दात जवळ ढकलतात आणि पुष्कळदा फट आपोआप मिटते. अंगठा चोखण्याची सवय मात्र कायमचे दात येण्यापूर्वी सुटली पाहिजे. ती टिकली, तर कोणतीही तार जीव तोडून काम करूनही चावा पुन्हा उघडतो.

आता साधनांकडे. साध्या धातूच्या ब्रेसेस, ज्यांना आपण ‘क्लिपा’ म्हणतो, त्यांना कमी लेखण्याची फॅशन आहे. ती चुकीची आहे. दातावर चिकटवलेल्या पोलादी टिकलीत, म्हणजे ब्रॅकेटमध्ये, एक बारीक खाच असते, तिच्यातून तार ओवतात आणि रबरी कडीने बांधतात. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची असते. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत घडला आणि १९७० च्या दशकात दंतवैद्यकात आला. वाकवला तरी तो मूळ आकाराकडे परतू पाहतो, आणि दात त्याच्याबरोबर ओळीत येतात. त्याचा उष्णतेवर चालणारा प्रकार थंड पाण्याने तात्पुरता मऊ पडतो, म्हणून तार बदलल्याच्या रात्री दात ठणकू लागले, तर गार पाण्याचा घोट तोंडात धरावा. फिरलेले दात सरळ करणे, काढलेल्या दाताची जागा मुळांसकट समांतर मिटवणे, टाळूत अडकलेला सुळा खाली ओढणे, ही अवघड कामे याच साधनाने सर्वांत खात्रीने होतात, कारण दर चार-सहा आठवड्यांनी डॉक्टर स्वतः दिशा बदलू शकतो आणि रुग्णाच्या शिस्तीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. ज्या मुलाला घासणेच नको वाटते त्याच्या दातांवर मात्र ब्रॅकेटभोवती पांढरे डाग उमटतात, आणि तारा निघाल्यावरही ते राहतात. संक्रांतीचा कडक तिळगूळ, चिक्की, शिळ्या भाकरीची कड, हाडाचा तुकडा, दाताने फोडलेली कैरी, यांनी ब्रॅकेट निघते आणि प्रत्येक निघालेले ब्रॅकेट उपचार काही आठवडे लांबवते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या डागाळलेल्या दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही. तसे असेल तर आधीच सांगावे, म्हणजे चिकटवण्याची पद्धत बदलता येते. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटत असेल, तर तेही.

सेल्फ-लिगेटिंग नावाच्या ब्रेसेसना रबरी कडी नसते, ब्रॅकेटलाच बारीक झाकण असते. त्या लवकर काम करतात असे सांगितले जाते, परंतु तुलनात्मक अभ्यासांत एकूण कालावधीत लक्षणीय फरक दिसलेला नाही. घासायला थोड्या सोप्या, एवढेच म्हणता येईल.

सिरॅमिक ब्रेसेस दाताच्या रंगाच्या असतात आणि काम धातूच्या ब्रेसेससारखेच करतात. त्यांच्याविषयी मराठी स्वयंपाकघराला एक गोष्ट माहीत असावी. सिरॅमिकची टिकली हळदीने पिवळी पडत नाही. पिवळी पडते ती तिच्याभोवतीची पारदर्शक रबरी कडी, आणि तीही दोन-तीन दिवसांच्या वरण-भातातच. मग ‘न दिसणाऱ्या’ ब्रेसेस दुरूनही पिवळसर दिसतात. कड्या धुरकट रंगाच्या निवडाव्यात किंवा बारीक पोलादी तारेने बांधून घ्याव्यात. घरात कार्य असेल तर आदल्या दिवशी कड्या बदलून घ्याव्यात. दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. सिरॅमिक दाताच्या कवचापेक्षा कठीण असते, म्हणून चावा खोल असलेल्या माणसाच्या खालच्या दातांवर ते बसवले, तर वरचे दात त्याच्यावर घासून झिजतात. अशा वेळी वर सिरॅमिक आणि खाली धातू, ही जोडणी शहाणपणाची. खालचे दात बोलताना तसेही कमी दिसतात.

दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या लिंग्वल ब्रेसेस १९७० च्या दशकात अमेरिकेत क्रेव्हन कुर्झ आणि जपानमध्ये किन्या फुजिता यांनी जवळजवळ एकाच वेळी विकसित केल्या. बाहेरून त्या अजिबात दिसत नाहीत. पण जीभ रोज त्यांच्यावर घासते, आणि मराठी बोलणाऱ्याला पहिले काही आठवडे विशेष जड जातात, कारण ‘चमचा’, ‘चाक’, ‘जाळे’ यांतले दंततालव्य च-ज आणि ‘स’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या अगदी मागेच जाते. शिक्षक, निवेदक, गायक यांनी याचा आधी विचार करावा. खर्चही मोठा, आणि हे काम सफाईने करणारे डॉक्टर थोडे.

अलाइनर म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे, दातांवर टोपीसारखे बसणारे साचे. संगणकावर दातांच्या हालचालीचे टप्पे आखतात, प्रत्येक टप्प्याला सुमारे पाव मिलिमीटरची हालचाल देतात आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा असतो. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने इन्व्हिजलाइन या नावाने ही पद्धत रुळवली. आज भारतीय कंपन्यांचेही अलाइनर मिळतात. हलकी-मध्यम गर्दी, फटी, पूर्वी तारा लावून पुन्हा किंचित वाकडे झालेले दात, यांसाठी ते उत्तम. गोल आकाराचे फिरलेले दात, उंची कमी-जास्त करायचे दात, उपदाढा काढून मोठी जागा मिटवायच्या केसेस, यांत ते अडखळतात. अनुभवी डॉक्टर दातांवर कंपोझिटचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचे, छोटे उंचवटे बसवून तेही साधतो, पण ‘काहीच दिसत नाही’ ही जाहिरात तिथे थोडी फिकी पडते.

अलाइनरची खरी परीक्षा मात्र दिनक्रमात असते. ते दिवसातून २० ते २२ तास तोंडात हवेत आणि साध्या पाण्याखेरीज काहीही खाता-पिताना काढायला हवेत, कारण गरम चहाने प्लॅस्टिक वाकते, साखर आत अडकून दात किडतात. म्हणजे दिवसाला हातात उरतात १२० ते २४० मिनिटे. नेहमीच्या मराठी घरातला हिशेब मांडून पाहा : सकाळचा चहा १५ मिनिटे, नाश्ता २०, दुपारचे जेवण ३०, चारचा चहा १५, रात्रीचे जेवण ३०. हे झाले ११०. प्रत्येक वेळी दात घासून साचा पुन्हा घालायला पाच मिनिटे धरली, तर १३५. यात पाहुण्यांबरोबरचा चहा नाही, कार्यालयातला दुसरा कप नाही, जेवणानंतरच्या गप्पा नाहीत. ज्याला दर दोन तासांनी चहा लागतो, त्याने एकतर चहा सोडावा किंवा अलाइनरचा नाद सोडावा.

दुसरा धोका हरवण्याचा. आमच्या भाचीने एका लग्नाच्या जेवणात अलाइनर कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि वाढप्याने तो उष्ट्या पत्रावळींबरोबर उचलून नेला. रात्रभर सारे हळहळले. सुदैवाने आधीच्या क्रमांकाचा साचा तिने टाकलेला नव्हता, तो घालून तिने दात जागेवर धरून ठेवले आणि दहा दिवसांनी नवा आला. तेव्हा डबी खिशात हवीच, आणि मागचा साचा कपाटात.

डॉक्टरांनी तोंड न तपासता घरपोच अलाइनर पाठवणाऱ्या योजनांपासून दूरच राहावे. हिरडीचा आजार, हाडात अडकलेला दात, छोटी मुळे, यांतले काहीही फोटोत दिसत नाही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही अशीच मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्ध्या उपचारात असलेल्या ग्राहकांना आपापली सोय पाहावी लागली.

दात काढावे लागतील का, या प्रश्नाने पुष्कळ लोक दवाखान्यातूनच परततात. ‘वरचा दात काढला की डोळ्यांची नस दुखावते’ हा समज आपल्याकडे पक्का आहे. त्याला कसलाही आधार नाही. गर्दी थोडी असेल, तर दातांच्या कडा काही दशांश मिलिमीटर घासून किंवा हाडात बसवलेल्या छोट्या स्क्रूच्या आधाराने सगळी ओळ मागे ओढून जागा करता येते. पण दात आणि ओठ बरेच पुढे आलेले असतील, तर चार उपदाढा काढणे हाच बहुधा प्रामाणिक उपाय असतो. त्या न काढता दात ओळीत बसवले, तर ते सरळ होतात पण आणखी पुढे येतात, आणि ओठ मिटत नाहीत. दोन डॉक्टरांची मते वेगळी पडली, तर दोघांनाही एकच विचारावे : माझ्या सेफॅलोग्रामवर तुमचे म्हणणे दाखवा. जबड्यातच मोठा फरक असेल, तर वाढ पूर्ण झाल्यावर, मुलांमध्ये साधारण अठराव्या वर्षानंतर, तारा आणि शस्त्रक्रिया मिळूनच चेहरा आणि चावा जुळतो. कोणताही अलाइनर जबडा हलवत नाही.

मोठ्या वयात तारा लावता येतात. चाळिशी-पन्नाशी हा अडथळा नाही. अडथळा असतो तो हिरड्यांचा. मिश्री, तंबाखू किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे हाड खचलेले असेल, तर आधी हिरड्यांचा उपचार होऊन त्यांची सूज शमली पाहिजे, नाहीतर सरकवताना दात सैल होतात. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे चालू असतील, तर ते न विसरता सांगावे, कारण या औषधांनी हाडाची झीज थांबते आणि दात सरकणेही.

खर्चाचा क्रम सगळीकडे जवळजवळ सारखा आहे : धातू सर्वांत स्वस्त, मग सिरॅमिक, मग अलाइनर, आणि लिंग्वल बहुधा सर्वांच्या वर. आरोग्य विम्यात हे सहसा बसत नाही. आकडा ऐकण्यापेक्षा त्यात काय धरले आहे ते लिहून घ्यावे : एक्स-रे, दात काढणे, निघालेली ब्रॅकेट्स, अलाइनर संपल्यावर लागणारे जादा साचे, आणि रिटेनर, म्हणजे उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारे साधन. शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या लावणारा स्वस्त प्रस्ताव अनेकदा शेवटी महाग पडतो. हप्ते भेटींशी जोडलेले असावेत, सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. गाव बदलण्याची शक्यता असेल, दहावी-बारावीनंतर शिक्षणासाठी बाहेर जायचे असेल, तर तेही ठरवतानाच मोजावे. मध्येच केस स्वीकारायला दुसरा डॉक्टर सहसा राजी नसतो.

रिटेनरचा विषय लोक शेवटी काढतात, म्हणून तोही निवडीच्या वेळीच विचारावा. तारा निघाल्यावर हिरडीतले ताणलेले तंतू दातांना महिनोन् महिने जुन्या जागी ओढत राहतात. पहिले सहा महिने ते वर्षभर बहुतेक वेळ आणि पुढे रात्री रिटेनर घालावा लागतो, आणि ‘पुढे’ म्हणजे किती, याचे खरे उत्तर ‘दात सरळ हवेत तोवर’ हे आहे. अक्कलदाढ दात ढकलून वाकडे करते, या समजाला पुरावा नाही; रिटेनर सोडून देणे हे नेहमीचे कारण असते. खालच्या पुढच्या सहा दातांच्या मागे कायमची बारीक तार चिकटवून घेणे विसरभोळ्यांसाठी सोयीचे, मात्र तिच्याखाली दंतकीट साचतो आणि ती वर्षातून दोनदा साफ करून घ्यावी लागते. प्लॅस्टिकचा रिटेनर घेतला, तर तो गार पाण्यानेच धुवावा. भांड्यांबरोबर गरम पाण्यात पडला की त्याचा आकार बिघडतो आणि त्या रात्री तो दातांवर बसत नाही.